भिलाटी येते ते कडवं

आमच्याकडे लग्न ठरलं की आधी तारीख बघतात असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. आधी बँड कधी मोकळा आहे ते बघतात, मग भटजी त्याच दिवसाचा मुहूर्त काढून देतो. माझा लाडका बँड अमळनेरकडचा. बँजो, ढोल, गाडीवर चढवलेले भोंगे आणि पुढे माइक धरून गॉगल लावलेला गायक. त्यांची गाणी मला तोंडपाठ आहेत. कामावर असतानाही मनात चालू असतात.

त्यांचं एक गाणं सगळ्यात जास्त चालतं. अहिराणी आहे. लग्नात नवरा नवरीचा पदर वर करतो आणि ती काळी निघते, एवढीच गोष्ट. दुसऱ्या कडव्यात सगळे मिळून तिला विचारतात:

'पदर उघाड, तोंड दाखाड, कोनती भिलाटीमाईन ऊनी वं काळी?'

कुठल्या भिलाटीतून आलीस गं काळे, असं. हे कडवं आलं की गुडघेदुखीचे म्हातारेसुद्धा हात वर करून नाचतात. मी पाहिलंय.

मी भिलाटीत जन्मले. धुळ्याच्या कडेला, रस्त्यावरचे दिवे संपतात तिथून पुढे आमची भिल्लांची वस्ती. गावातले लोक तिला भिलाटी म्हणतात, आम्हीही म्हणतो. लहानपणी दुसऱ्यांच्या वराती रस्त्यावरून जायच्या आणि आम्ही पोरी मागे मागे नाचायचो. आमच्याकडच्या लग्नांतही हेच गाणं लागायचं, आणि ते कडवं आलं की आम्ही सगळ्यात जोरात ओरडायचो. माझी आई कडेला उभी राहून बघायची, हसायची.

पुढे मी शिकले आणि जळगावात एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागले. तिथेच नवरा भेटला. त्याचं घर शेतकऱ्याचं, माझं भिल्लाचं, म्हणून लग्न कोर्टात झालं आणि बँड लागला नाही. त्या वेळी मी तेवढं एकच दुःख बोलून दाखवलं होतं. जळगावच्या घरात भिलाटी हा शब्द कुणी बंद केला असं नाही, पण तो कधी आलाही नाही. मुलीला 'धुळ्याची आजी' ठाऊक, 'धुळ्याला जायचं' ठाऊक.

मुलगी आता तिसरीत आहे. शाळेत दरवर्षी गॅदरिंग होतं आणि दरवर्षी ती शेवटच्या रांगेत, झाडाच्या नाहीतर ढगाच्या कामात. यंदा बाईंचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"या वर्षी खानदेशी गाणं बसवतोय. तुमच्या मुलीला मेन पार्ट दिलाय, नवरीचा," त्या म्हणाल्या. "मेकअपचीही कटकट नाही. तिचा रंगच या पार्टला शोभतो."

मी विचारलं, कोणतं गाणं. त्यांनी सांगितलं, तेच. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मला राग यायला हवा होता, हे मला कळत होतं. आला नाही. मी पुढचं सॅम्पल घेतलं.

घरी आले तर मुलगी माझी ओढणी डोक्यावर घेऊन नाचत होती. शेवटच्या रांगेतून एकदम मधोमध, तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. नवऱ्याला मी हळूच बाजूला घेऊन सांगितलं. तोही त्या बँडचा भक्त.

"अगं, गंमतीचं गाणं आहे," तो म्हणाला. "तो गाणारा स्वतः कोळशासारखा आहे. त्याच्या मनात तसलं काही असेल का?"

"त्याच्या मनातलं मी विचारतच नाहीये. गाण्यात काय आहे ते विचारते."

"मग बाईंना सांग, काढतील तिला." असं म्हणून त्याने मुलीकडे पाहिलं. आपलेच दात आपलेच ओठ, असं काहीतरी पुटपुटला. कोण दात आणि कोण ओठ, ते मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात अमळनेरला नवऱ्याच्या मित्राच्या भावाचं लग्न होतं. बँड अर्थातच तोच. पंगत चालू असताना गायक मांडवामागे चहा पीत बसला होता. गॉगल काढल्यावर साधा, थकलेला माणूस. मी सरळ विचारलं, त्या कडव्यात भिलाटी का घातली?

"ताई, हे आमच्या अब्बांच्या वेळचं गाणं," तो म्हणाला. "आम्ही काय, लोक सांगतील ते वाजवतो. आणि भिलाटीत गेलो ना, तर तिथे तेच परत परत लावायला सांगतात. सगळ्यात जास्त तेच नाचतात."

त्याला माहीत नव्हतं तो कुणाशी बोलतोय. आणि खोटंही बोलत नव्हता. त्या नाचणाऱ्यांत मी होते. मी म्हटलं, हो, नाचतात. त्याने मलाही चहा मागवला, तो मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. नातीला मेन पार्ट मिळाला, एवढंच तिने ऐकलं आणि 'मी येस, मी येस' म्हणत यायलाच निघाली. मी गाणं कोणतं ते सांगितलं. "आई, तुला त्या गाण्याचं कधी काही वाटलं नाही?"

"काय वाटनार? बठ्ठा गानास्मा आपलं नाव कोठे येस? त्या एकच गानामां येस."

सगळ्या गाण्यांत आपलं नाव एवढ्या एकातच येतं, असं तिचं म्हणणं. मी तिला गॅदरिंगची तारीख सांगितली.

मुलीनेच शेवटी विचारलं. मी कणीक मळत होते, ती ओढणी घेऊन तालीम करत होती. मधेच थांबली.

"आई, भिलाटी म्हणजे काय?"

"आजीचं घर आहे ना, ती वस्ती."

"धुळ्याची आजी?"

"हो."

"मग त्यात हसायचं काय आहे?"

"काही नाही."

"पण पदर वर केला की सगळ्यांनी मागे उडी मारायची आणि हसायचं, असं बाईंनी बसवलंय."

मी कणीक मळत राहिले. नाव काढून घेऊ का, असं तिला विचारलं. तिने ओढणीची घडी घातली. मग म्हणाली, "नको. मेन पार्ट आहे."

गॅदरिंगला आई धुळ्याहून एसटीने आली, नवं लुगडं नेसून. आम्ही तिघं दुसऱ्या रांगेत बसलो. गाणं सुरू झालं. माझी मुलगी मधोमध, तोंडावर लाल पदर, आणि काय सुरेख नाचली. दुसरं कडवं आलं. भिलाटी हा शब्द आला आणि आईने टाळ्या वाजवल्या. नवरा झालेल्या पोराने पदराला हात घातला. मुलीने तो दोन्ही हातांनी गच्च धरला. त्याने ओढला, हिने सोडला नाही. पोरगा गोंधळून बाईंकडे बघायला लागला. गाणं पुढे गेलं. लोक खदाखदा हसले. तेही बसवलेलंच आहे, असं त्यांना वाटलं. माझ्या नवऱ्याने मान खाली घातली होती.

बाहेर आल्यावर मुलगी धावत आजीकडे गेली. "आजी, मी दिसले?"

"तोंड कोठे दाखाडं तू?"

"ते हसणार होते." तिने पदर डोक्यावरून काढला. "आता बघ."

आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. मग आम्ही बस स्टँडवर आलो. धुळ्याची गाडी लागली होती. नवरा मुलीला घेऊन उसाचा रस आणायला गेला, आम्ही दोघीच होतो.

"तिले तू सांगं का?" आईने त्या गाण्याबद्दल विचारलं.

"हो."

"मी तुले नही सांगं." ती गाडीकडे बघत होती. "लोके कोनले हसतस, ते माले ठाऊक व्हतं. पन तू इतली खुशीमां नाचे. कशी सांगू?"