टोपीवाल्याची घोडी

दोन बोटांनी टोपीची कड वर सारायची आणि म्हणायचं, "पूरा जंगल आपल्याच भरोशावर हाय, डॉक्टर." एवढं झाल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे, आणि माझा धड जात नसे. मी डॉक्टर नाही. गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. तोही जंगलाचा मालक नव्हता. गावची गुरं राखणारा गायकी होता. पण खोट्या पदव्या आम्ही एकमेकांना मोकळ्या मनाने दिल्या होत्या.

टोपी सफारीला आलेल्या कुणा पाहुण्याची. जिप्सीतून उडाली, याला सापडली, आणि चौतिसाव्या वर्षी याचं डोकं फिरलं. मोबाइलवर हिंदी बोलणारे गोरे घोडेस्वार गुराखी पाहून पाहून हा स्वतःला त्यांच्यातलाच समजू लागला. चराईच्या रानाला 'रेंज' म्हणायचा. दोराचा फास फेकून वासरं धरायला जायचा. एकदा सरपंचाच्या मोटारसायकलचा आरसाच उपटला. वाघ आपली टोपी ओळखतो, हे तो शपथेवर सांगे. तुमच्याही गावात असं कुणी असेलच. आपण हसतो आणि चहा सांगतो. मीही तेच केलं, आणि त्याची चुटपुट अजून जात नाही.

मग त्याने मूल गावच्या एका बँडवाल्याकडून घोडी आणली. नवरदेव वाहून वाहून म्हातारी झालेली, पण याच्या लेखी ती वाऱ्यालाही मागे टाकणारी. खूर तासायला तो तिला माझ्याकडे आणायचा आणि तासभर बसायचा.

दवाखान्यासमोर चहाची टपरी होती. टपरीवाल्याची मुलगी सतरा वर्षांची, बारावीला. चहा घेऊन आली की ती त्याला विचारी, घोडी दिवसात किती दूर जाते, वैनगंगेच्या पुलापार गडचिरोली किती वेळात येईल. तो बेधडक थापा मारायचा. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि बाप निकाल लागताच तिचं लग्न लावून देणार होता. ती रस्ता विचारत होती; हा समजत होता, ती घोडेस्वाराकडे बघते आहे.

एकदा मी त्याला झापलं. ती लेकरू आहे, तिच्या वाटेला जाऊ नको, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "तिले सोडवाचं हाय, डॉक्टर. मंग ती माहीच." मी भडकलो, दवाखान्यात पाऊल ठेवू नको म्हणून सांगितलं. पण दुसऱ्या कुणाला काही बोललो नाही. वेड्याचं काय मनावर घ्यायचं, असं वाटलं.

निकाल लागला, मार्कशीट हातात आली. त्याच आठवड्यात पुलाच्या अलीकडच्या गावी मी बायकोबरोबर एका लग्नाला गेलो होतो. वरात मांडवाशी आली, बँड जोरात होता, आणि गर्दीत अचानक टोपी दिसली. घोडीवर तो, आणि त्याच्या मागे दप्तर छातीशी धरून ती मुलगी. घोडी पुलाकडे जायचं सोडून बँडच्या आवाजाकडे वळली होती. याने लगाम ओढला, टाचा मारल्या. ती मांडवाच्या दारात जाऊन थांबली आणि पुढचा पाय उचलून नाचायला लागली. जन्मभर तिने दुसरं केलंच काय होतं? लोक पोट धरून हसले. मग कुणीतरी मुलीला ओळखलं आणि हसणं थांबलं.

ती उतरून थेट माझ्याकडे आली. "मले घरी नका नेऊ," म्हणाली. "गडचिरोलीले मावशीकडं सोडा."

बायकोने तिला जवळ घेतलं. घोडीवरूनच तो म्हणाला, "ती माह्यासंग हाय."

"मी तुह्यासंग नाई," ती वळून म्हणाली. "मले फक्त पुलापार जाचं होतं."

त्याची दोन बोटं टोपीकडे गेली. पण कड वर सारली नाही. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. मग लोकांनी त्याला खाली ओढलं.

मार मी पाहिला नाही. आम्ही तिला घेऊन मावशीकडे निघालो होतो. वाटेतच मी ग्रामसेवकाला फोन केला; बालविवाह रोखायचं काम त्याच्याकडेच असतं. तो फोन दोन महिने आधी करायला हवा होता. तिचं लग्न थांबलं. हा ठाण्यातून सुटला तो गावात परतलाच नाही. सिरोंच्याकडे कुणाला दिसला म्हणतात.

मांडवापाशीच राहिलेली घोडी मी परतताना त्याच संध्याकाळी घरी आणली. तिच्या पाठीवरची पिशवी बायकोने सोडली. आत मुलीची मार्कशीट आणि शाळेचा दाखला होता. तिने सांभाळायला दिलेले ते कागद त्याने तीन-तीन प्लास्टिकांत गुंडाळले होते. खाली डझनभर हिरव्या बांगड्या. माझं डोकंच फिरलं. बायकोने त्यातली एक उचलून स्वतःच्या हातात घातली. ती न अडता कोपरापर्यंत गेली.

"पोरीच्या हातातून गळूनच पडल्या असत्या," ती म्हणाली. "त्यानं तिचा हात कधी हातात घेतलाच नाई."

कागद मी दुसऱ्या दिवशी पोचवले. बांगड्या मात्र टाकवतही नाहीत आणि घरात ठेववतही नाहीत.