आज मी वाकले

मैत्रिणींनो, आज मी नवऱ्याला फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर काढलं!

कंबर दुखायला लागल्यापासून घरात सगळ्यांचं एकच, "वाकू नको." आज आम्ही दोघं बोथहून आदिलाबादला गेलो. तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी माझ्या पाठीवर सेन्सर चिकटवले. मी हलले की समोरच्या पडद्यावर माझी आकृती हलायची.

"पुरी वाकली मी," मी म्हटलं. पडद्यावर नुसती मान खाली गेली होती, कंबर ताठच!

"दुखते का भीती वाटते?" मॅडमनी विचारलं.

भीतीच होती. पडद्याकडे पाहत मी आणखी वाकले. हे ओरडले, "बस कर, कंबर मोडन!"

"तुमी बाहेर बसा," मी त्यांना म्हटलं.

बोटं जमिनीला टेकली. थोडं दुखलं, मोडलं काहीच नाही.

निघताना माझ्या सँडलचा पट्टा लावायला हे खाली बसले. मी पाय मागे घेतला आणि स्वतः लावला.

तुमाले कोणाच्या काळजीनं बांधून ठेवलंय?