गालाला लावायचा राहिलेला मोजा

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि लिफ्टनंच त्याचा डावा पाय गुडघ्याखाली खाल्ला. तो खड्ड्यात उतरून काम करत होता आणि वर कुणीतरी बटण दाबलं, एवढंच. कुणी दाबलं ते कळलं नाही. दादानं कधी विचारलंही नाही. मी विचारलं. त्या इमारतीच्या दारात उभी राहून घसा बसेपर्यंत विचारलं. उगाच नाही मला घरात सगळे मिरची म्हणत.

खोटा पाय बसवल्यावर माणसानं गपगुमान घरी बसावं की नाही? पण हा पठ्ठ्या डोंगर चढायला लागला. पाय बसवायला गेला तिथं त्याला मास्तर भेटले. ते शाळेत कवायत शिकवायचे, एक हात खांद्यापासून नव्हता. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला पाय नाही, अशा सगळ्यांना गोळा करून त्यांनी एक टोळी केली होती आणि सुट्टीच्या दिवशी ते तिला डोंगरावर पिटाळायचे.

"जन्मभर लोकांना बसल्या जागी वर पोचवलं," दादा म्हणायचा, "आता जरा स्वतःच्या पायानं जाऊन बघतो."

"कुठल्या पायानं?"

"जो हाताशी असेल त्या."



खोट्या पायाला वर एक वाटी असते, तिच्यात उरलेला पाय बसतो. मधे मोजा घालावा लागतो. हे मोजे वहिनी विणायची. ती दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची आणि घरी आली की सुया घेऊन बसायची. त्या मोज्याला शिवण चालत नाही आणि गाठ तर मुळीच चालत नाही, कारण सगळ्या अंगाचा भार तिथंच येतो. लोकर संपली तर जुनं आणि नवं टोक उकलायचं, एकमेकांत घालायचं, थोडं ओलं करून तळहातावर घासायचं, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. इस्त्रीनं वहिनीची बोटं राठ झाली होती, त्यांना बारीकसारीक काही लागायचं नाही. म्हणून विणून झालं की ती मोजा उलटा करायची आणि आतली बाजू सावकाश गालावरून फिरवायची. डोळे मिटून. तसं केल्याशिवाय मोजा दादाच्या हातात पडायचा नाही. त्या वेळी तिच्याकडे बघताना मला उगाच लाजल्यासारखं व्हायचं.

मग टोळीनं बर्फाचा डोंगर ठरवला. दादानं त्याचं चित्र पलंगाच्या वर भिंतीवर चिकटवलं आणि आम्हाला सगळ्यांना त्याचं वेड लावलं. शिखरावर फोटो काढायचा आणि तो त्या लिफ्टच्या खड्ड्यात, आतल्या भिंतीवर नेऊन चिकटवायचा, असं त्याच्या मनात होतं. पाय गेल्यापासून तो त्या इमारतीत पाऊल टाकू शकला नव्हता. नुसतं नाव काढलं तरी त्याला घाम फुटायचा. "तो फोटो हातात असला ना, की उतरेन मी खाली," असं तो मला म्हणाला होता. त्याला डोंगर का हवा होता, ते मला तेव्हा कळलं आणि मी त्याला टोमणे मारणं बंद केलं.

थंडीत उरलेला पाय आक्रसतो आणि वाटीत खुळखुळायला लागतो. म्हणून वहिनीनं जाड लोकरीचा मोजा घेतला विणायला. वरून खाली विणत ती टोकाशी आली होती. निघायचं सकाळी होतं. पण हवा बिघडणार म्हणून मास्तरांची गाडी आदल्या संध्याकाळीच दारात येऊन भोंगा वाजवायला लागली, आणि नेमकी तेव्हाच लोकर संपली. वहिनीनं घाईघाईत नवं टोक गाठ मारून जोडलं, उरलेले टाके संपवले आणि मोजा उलटा करायला घेतला. दादानं तो तिच्या हातातून ओढलाच.

"अहो, थांबा की जरा. गालाला लावायचाय."

"आल्यावर लाव. गालही इथंच आहे आणि मीही."

आम्ही तिघंही हसलो. तो गेला.

पुढचं मला दवाखान्यात कळलं, त्याच्याच तोंडून. पहिल्याच चढावर त्याला काहीतरी टोचलं. तंबूत मोजा उलटा करून पाहिला तर मसुराच्या दाण्याएवढी गाठ, बरोबर हाडाच्या टोकाशी. कापावी तर मोजा उसवणार. दुसरे मोजे पातळ, एकावर एक घातले तरी पाय हलत होता. त्यानं वर कापूस ठेवला आणि गप्प बसला. टोळीचा नियम होता की जखम झाली की ताबडतोब सांगायचं आणि खाली उतरायचं. खोट्या पायाच्या लोकांसाठीच तो नियम होता, कारण हीच माणसं जखम लपवतात. दादानंही लपवली.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी मास्तरांना बर्फात लाल ठिपके दिसले. शिखर समोर होतं, म्हणे अगदी हाक मारली तर ऐकू जाईल असं. मास्तरांनी त्याला तिथूनच फिरवलं. दादानं त्यांचे पाय धरले, तरी त्यांनी ऐकलं नाही. मास्तर हे मला सांगताना रडले होते, एका हातानं दोन्ही डोळे पुसत.

खाली येईपर्यंत जखम चिघळली, ताप डोक्यात गेला. पाय पुन्हा कापावा लागला, या वेळी मांडीतून. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की घरातल्या घरात चालता येईल, बाहेर कुबड्या लागतील, डोंगर विसरा. दादानं मान हलवली. पलंगावरचं चित्र तो घरी यायच्या आधीच मी काढून टाकलं. भिंतीवर त्याचा चौकोन तेवढा राहिला.

"कशानं झालं हो?" वहिनीनं दवाखान्यात विचारलं होतं.

"खडा गेला वाटीत," दादा म्हणाला. "बारीक खडा."

ती बाहेर गेल्यावर त्यानं मला खरं सांगितलं. आणि माझं मनगट धरून म्हणाला, "मिरचे, एवढं एक पोटात ठेव. तिला कळलं तर ती सुया फेकून देईल. जगायची नाही ती." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण हे मी ठेवलं. वहिनी त्या खड्याला शिव्या द्यायची तेव्हा मीही तिच्याबरोबर द्यायची आणि मग मोरीत जाऊन रडायची.

काल दादासाठी धुतलेली चादर काढायला मी कपाट उघडलं. त्याच्या कपड्यांखाली तो जाड मोजा होता. धुऊन, घडी घालून ठेवलेला. मास्तरांनी दादाची सॅक आणून दिली ती वहिनीनंच उघडली होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाँड्रीतली बाई ती. रक्ताचा डाग कुठून सुरू झाला आणि कुठवर पसरला, हे तिला कुणी सांगायला हवं होतं?

मी मोजा उलटा केला. टोकाशी गाठ नव्हती. तिनं तेवढा भाग उसवून पुन्हा विणला होता, दोन्ही टोकं एकजीव करून. जो पाय आता कुणाला नव्हता, त्याच्या मापाचा मोजा तिनं नीट करून ठेवला होता.

वहिनी मागे येऊन उभी होती. बाहेरच्या खोलीत दादा रेडिओची बटणं फिरवत होता. तिनं दार लोटून घेतलं, माझ्या हातातून मोजा घेतला आणि माझ्याच गालावरून सावकाश फिरवला.

"लागतंय का गं काही?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"नाही, वहिनी."

"नाही ना?" तिनं तो पुन्हा घडी घालून कपड्यांखाली सरकवला. "त्यांना सांगू नकोस हं. खडाच म्हणू दे त्यांना."