आंदणात आलेली मावशी

उमापूरच्या शाळेत मी मास्तर होतो. अंमल निजामाचा, शिकवणं उर्दूत, आणि डोक्यात मात्र पुण्याच्या मासिकात लेख छापून आणायचं वेड. विषयही साता समुद्रापलीकडचा शोधला होता. गुलामगिरीवरच्या एका गाजलेल्या परदेशी कादंबरीतली माणसं खरी कोण होती? हैदराबादच्या मित्राकडून पुस्तकं मागवायची आणि टिपणं काढायची: कोण कुठल्या मळ्यातून पळालं, कुणाचं लेकरू कुठल्या बाजारात विकलं गेलं. दोन वर्षं मी हेच करत होतो आणि स्वतःवर फार खूश होतो.

एका दुपारी आईला त्यातलं वाचून दाखवत होतो. आईपासून तोडून विकलेल्या पोरीची हकिकत ऐकून आईला रडू आलं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि मावशीला पाणी आणायला सांगितलं.

मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. आम्हा देशमुखांत लेकीच्या लग्नात गाय, तांब्याचा हंडा आणि कामाला एक पोर आंदण द्यायची चाल होती. आईबरोबर ती सहा-सात वर्षांची आली. नवरीचं नाव बदललं तसं तिचंही बदललं. तिला पगार नाही, लग्न नाही, जेवायची सगळ्यांच्या शेवटी. आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो, आणि तेवढ्यावर आमचं भागायचं.

पाण्याचा तांब्या ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"बाबा, येवढ्या लांबची मानसं तुमाला घावत्यात. माजी माय कोन हुती, तेवढं बघा की."

आईनं तिला झटकन चुलीकडे पिटाळलं. आईचे डोळे अजून ओलेच होते.

मला लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेआधी राग आला. लेखाची सगळी मजा गेली होती. तरी सुट्टी लागताच वडवणीजवळ आजोळी गेलो. मामांनी सुपारी कातरत सगळं सांगितलं. दुष्काळात कडा गावाच्या बाजूची एक बाई पायलीभर ज्वारीवर पोर ठेवून गेली होती. पाऊसपाणी झालं की नेते म्हणाली. पाऊस झाला, ती आली; तोवर पोर आईबरोबर उमापूरला पोचली होती. मग बाई दर बाजारच्या दिवशी येऊन दारासमोर बसू लागली.

"मग काय केलं?" मी विचारलं.

"काय करायचं? पोरगी पटकीनं मेली म्हनून सांगितलं. न्हाईतर ती उठलीच नसती."

बाईचं गाव, नाव कुणीच विचारलं नव्हतं.

परतलो तेव्हा मावशी मागच्या अंगणात चिंचेनं हंडा घासत होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. चिंच हातात तशीच धरून तिनं ऐकलं. मग विचारलं,

"मी मेले म्हनल्यावर माय रडली का?"

ते मी मामांना विचारलंच नव्हतं.

"हो, लई रडली," मी म्हणालो.

मावशीनं मान हलवली आणि हंडा पुन्हा घासायला घेतला. तिच्याबरोबर आला होता, तोच.

लेख पुढे छापून आला. लोकांनी वाखाणला. त्यात मावशी नाही. आईला वाईट वाटलं असतं.