उसने आवाज

शेजारच्या वॉल्टरच्या लेकीचा, जोनचा फोन आला तेव्हा मी फार्मसीत औषधं लावत होते. "मुग्धा, डॅड गेले," एवढंच म्हणाली. महिना उलटला, तरी वॉल्टरबद्दल लिहायला बसले की पहिल्याच ओळीवर थांबते.

लोअर हटला आम्ही घर घेतलं तेव्हा कुंपणापलीकडून पहिलं 'किया ओरा', म्हणजे इथला माओरी नमस्कार, वॉल्टरचंच आलं. मूळचे अमेरिकन. तरुणपणी तिथल्या रेडिओवर नाटकं करायचे, मग सिनेमात छोट्या भूमिका. रेडिओनाटकांचे दिवस संपले, सिनेमाने फारसं जवळ केलं नाही, तेव्हा बायकोच्या माहेरी, इथे न्यूझीलंडला आले ते कायमचेच. ती गेल्यावर एकटे राहायचे. माझी इरा वाचताना अडखळायची, वर्गात तोंडच उघडायची नाही. वॉल्टर तिला दुपारी घरामागच्या लाकडी डेकवर बसवून मोठ्याने वाचायला लावत. राक्षसाची वाक्यं स्वतः घेत, राजकन्येची तिला देत. पुढे पोरगी शाळेच्या असेंब्लीत उभी राहून वाचू लागली.

म्हणूनच त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाला जे झालं ते जास्त लागलं. जोनने कुठूनतरी त्यांचं एक जुनं रेडिओनाटक मिळवलं होतं. केक कापून झाल्यावर लावलं. त्यात वॉल्टर हिंदुस्तानी नोकर झाले होते... "साहिब, साहिब" करत लाळ घोटणारा आणि शेवटी मालकाच्याच पाठीत सुरा खुपसणारा. पाहुणे खदखदून हसले. इराला माझे वडील आठवले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मम, आजोबा डझन्ट टॉक लाइक दॅट." डोकं दुखतंय असं सांगून मी तिला घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत वॉल्टर दारात. मी चहा ठेवला, तो तसाच निवत राहिला.

"काल तुला काय ऐकू आलं?"

"माझ्या वडिलांची टिंगल," मी म्हणाले.

ते म्हणाले, "हीरोचं काम मला कधी मिळालंच नाही. चिनी, अरब, हिंदुस्तानी, सगळे परके माझ्याकडे. सिनेमात तोंडाला तपकिरी रंग फासायचे आणि पहिल्या गोळीत मारायचे. तुमच्याकडचा एकही माणूस मी तोवर पाहिला नव्हता." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "पण मुग्धा, ते काम मी जीव ओतून केलं. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे... तेच छळतंय."

माफी त्यांनी मागितली नाही. मीही 'जाऊ द्या' म्हणाले नाही. इराचं वाचन चालू राहिलं, आमचं बोलणंही. पण मध्ये काहीतरी सलत राहिलं, आणि ते निघायच्या आत वॉल्टर गेले.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी जोन आली. "त्यांचं तेवढं एकच काम सापडलंय गं. उद्या लावू?"

"तुझे वडील आहेत. लाव," मी म्हणाले. "मी मात्र तेव्हा बाहेर उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी अंत्यविधीत तिने ते नाटक लावलं. मी हॉलबाहेर आले. मागोमाग इराही आली, माझा हात धरून उभी राहिली. वारा सुटला होता. बंद दारातून शब्द कळत नव्हते, ते वेडेवाकडे उच्चारही पोचत नव्हते. येत होता तो नुसता आवाज... खोल, उबदार, तरुण. इराने दाराला कान लावला. "दॅट्स हिम," ती म्हणाली, आणि रडू लागली.

मला आत जावंसं वाटलं. गेले नाही.