गणपतीच्या मापाचा रॅम्प

आमचे फादर स्पेनचे, पण बोलतात मालवणी. यात त्यांचा काही दोष नाही. तरुणपणी ते अंधेरीला आले तेव्हा त्यांना पहिल्यांदा भेटली ती माझ्या बापासारखी, कोकणातून गिरणीत आलेली माणसं. मराठी शिकायचं म्हणून फादर त्यांच्यात जाऊन बसले आणि हे शिकले. अजून चर्चमध्ये ते प्रवचनाला उभे राहिले की वसईवाले हसू दाबायला रुमाल तोंडाला लावतात.

इंडस्ट्रियल इस्टेटीच्या मागे तेव्हा नुसती दलदल होती. फादरांनी खटपट करून ती जागा मिळवली आणि घरं बांधायला आम्हालाच लावलं. नियम एकच. ज्याचा स्लॅब पडणार, त्याच्याकडे त्या दिवशी सगळ्यांनी घमेली उचलायला यायचं, मग तो ख्रिश्चन असो की हिंदू. फादर स्वतः पांढरा झगा कमरेला खोचून रांगेत उभे. माझी आई सांगायची, त्यांच्या नाकावर सिमेंट असायचंच.

मी चौथीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा मास्तर हात जोडून बसले. मग फादरांनी मला त्यांच्या वर्कशॉपात घेतलं आणि वेल्डिंग शिकवलं. पहिल्याच दिवशी मी खिडकीचं ग्रिल टेबलाला वेल्ड केलं. फादर बोलले, "बरा झाला. आता चोर नेवचो नाय."

तर हे फादर यंदा बाथरूममध्ये पडले. खुबा मोडला, व्हीलचेअर आली. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत त्यांची खाट टाकली आणि सांभाळायला एक मावशी ठेवली. पण वर्कशॉपचं जोतं कमरेएवढं उंच, पावसात पाणी भरतं म्हणून. फादरना बाहेर काढायचं तर उचलूनच. मग त्यांच्या संस्थेचे मोठे फादर आले आणि बोलले, "यांना आम्ही नाशिकच्या पुढे घेऊन जातो. तिकडे म्हाताऱ्या फादरांचं घर आहे."

फादर मला बोलले, "माका हयच ऱ्हवाचा हा."

मोठे फादर भले माणूस. बोलले, "एकट्या मावशीला यांना आत-बाहेर नेता आलं, तर ठेवू."

"रॅम्प करतो ना!" मी बोललो. "दोन दिवसांचं काम."

आता गंमत बघा. वर्कशॉपच्या दारासमोर आमच्या कॉलनीच्या सेक्रेटरीची गाडी उभी असते. हा सेक्रेटरी ज्या घरात जन्मला, त्याच्या स्लॅबची घमेली फादरांनी वाहिलेली. मी त्याला सांगायला गेलो.

"गाडी जरा बाहेर लाव ना यार. रॅम्प लांब पाहिजे, नाहीतर चढ उभा होतो."

"कुठे लावू? डोक्यावर?"

"फादरांसाठी रे."

"फादरांसाठी काय पण! जान हाजिर आहे. पण पार्किंग नाही. आणि तू लोखंड कशाला वाया घालवतोस? टॉवर होणार आहे इथे. बिल्डरचा माणूस येऊन गेला."

यावर मी काय बोललो? "बरोबर आहे" बोललो. माझी जीभ अशीच. घरी भातात मीठ कमी पडलं तर तासभर चालते.

मग गाडी आणि दार यांच्यामध्ये जेवढी जागा, तेवढ्यातच रॅम्प बसवायचा ठरवला. टेप मला कधी वाचता आली नाही, म्हणून जमिनीवर आडवा झोपलो. डोकं जोत्याला, पाय बंपरला. झालं माप. माझ्या उंचीचा रॅम्प, म्हणजे आधीच कमी.

बनवला, पण तपासायचा कसा? आमच्या कॉलनीचा गणपती याच वर्कशॉपात बसतो, त्याची चाकांची ट्रॉली तिथेच पडलेली. रविवारी तिच्यावर वाळूच्या गोणी लादल्या, दोरखंड बांधला, दहा जणांना हाक मारली. ऐन डिसेंबरात "गणपती बाप्पा मोरया" केलं आणि ट्रॉली झपकन वर! मी बोललो, "झकास!"

बायको गॅलरीतून बघत होती. "अहो, मावशी एकटी ढकलणार ना? तिला वीस हात आहेत काय?"

"वेल्डर कोण आहे, तू की मी?" मी विचारलं.

पण सकाळी दहाही जणांना सांगून ठेवलं, मोठे फादर बघायला येतील तेव्हा आसपास राहा, वेळ पडली तर हात लावा. सगळे बोलले, "आहे ना मी!"

मोठे फादर आले तेव्हा एकाची मीटिंग, एकाचा पाय मुरगळलेला, बाकीचे फोनच उचलेनात. मावशीने देवाचं नाव घेऊन खुर्ची ढकलली. अर्ध्यावर तिचा दम संपला आणि खुर्ची मागे यायला लागली. मी धावत जाऊन पोट आडवं घातलं. माझं पोट एवढ्याच कामाला येतं.

फादर मान वळवून बोलले, "अरे मेल्या, माका गणपती समजलंस काय?"

मोठे फादर आधी हसले. मग हळूच बोलले, "मावशी एकटीच आहे हो."

"लांब करतो. चार दिवस द्या."

त्यांनी गाडीकडे बघितलं. "ही हलेल?"

मी बंपरवरची धूळ हाताने पुसली.

नाताळ झाल्यावर ॲम्ब्युलन्स आली. त्या दिवशी दहाच्या दहा हजर! हार, नारळ, फोटो. उतारावरून खुर्ची खाली आणायला दहा माणसं, जिथे एक बोट पुरलं असतं. सेक्रेटरी हुंदके देऊन रडत होता. आणि ॲम्ब्युलन्स आत घ्यायची म्हणून त्याने गाडी काढून बाहेर नाल्याशेजारी लावली. आपण होऊन! मिनिटभरात!

फादरांनी ती रिकामी जागा बघितली, मग माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ॲम्ब्युलन्स नाक्यावर वळली नसेल तोच मी वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. सेक्रेटरी डोळे पुसून गाडी आत आणायला आला तोपर्यंत त्याच्या जागेवर रॅम्पला लांब पट्टी जोडून झाली होती.

"हे काय केलंस? आता कोणासाठी? ते गेले ना!"

"येतील."

"वेडा झालास काय?"

"तू पार्किंग नाल्यावर कर," मी बोललो. जीभ चालली एकदाची, पण कधी? ॲम्ब्युलन्स गेल्यावर.

मग मेडिकलवाल्याकडून व्हीलचेअर आणली, मावशीला बोलावलं आणि खुर्चीत मी बसलो. माझं वजन फादरांच्या दुप्पट. मावशीने एकटीने ढकललं आणि मला वर नेलं, वर तोंडही चालू, "कमी खा जरा."

मोठ्या फादरांना फोन करून सांगितलं. ते बोलले, "बघू." आठवड्याने परत केला. "बघू." सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाही. रोज सकाळी रॅम्पवर कोणाची तरी स्कूटर उभी असते आणि मी ती उचलून खाली ठेवतो.

काल फादरांचाच फोन आला. आवाज बारीक झालाय.

"चढता मां रे?"

"मावशीने मला चढवलं, फादर. एकटीने."

"मग हयसून माका कधी न्हेतलंस?"

मी बोललो, "बघतो." आणि जीभ चावली.