वाऱ्यावर गेलेली पडवी

वादळवाऱ्यात कॅम्पर व्हॅन कशी चालवावी याचे चौदा नियम मी वहीत उतरवून घेतले होते, आणि ते चौदाच्या चौदा मी एकाच सकाळी मोडले.

मी जव्हारला एका शाळेत भूगोल शिकवतो. वारे कुठून वाहतात, कुठे वाहतात आणि का वाहतात, हे मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर बाण काढून समजावत आलोय. (फळ्यावरच्या बाणानं आजवर कुणाची गाडी हललेली नाही, त्यामुळे माझा आत्मविश्वास दांडगा होता.) निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा मी एक जुनी, उंच टपाची व्हॅन घेतली. पूर्वी ती फिरता दवाखाना होती. तिच्यात पलंग बसवला, कपाट ठोकलं, गॅसची शेगडी ठेवली आणि टपावर सामानासाठी कॅरिअर लावला. डाव्या अंगाला, सरकत्या दाराच्या वर, वेल्डरकडून पाइप आणि ताडपत्रीची एक गुंडाळी लावून घेतली. गाडी उभी करायची, गुंडाळी ओढायची की झाला मांडव! मी तिला 'पडवी' म्हणत असे. पडवीत खुर्ची टाकून, हातात चहाचा कप घेऊन मी अख्खा भारत बघणार होतो.

माझी बायको सुमन तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. त्रुटी काढायचं तिला सरकारी प्रशिक्षण आहे. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"हे सगळं ठीक आहे. पण ही गाडी आहे की उभं कपाट?"

"हवेशीर आहे," मी म्हणालो.

हवेशीर! हा शब्द पुढे मला फार भोवला.

माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर राहतात. वय सत्तरीच्या पुढे. जन्म भात-नागलीत गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उजव्यानं काहीच दिसत नव्हतं आणि डाव्यानं, त्यांच्याच शब्दांत, "ताकातून बघावं तसं." ऑपरेशनला त्यांनी दोनदा नकार दिला होता. एकदा लावणी म्हणून आणि एकदा, खरं सांगायचं तर, भीती वाटली म्हणून. तिसऱ्यांदा सुमननं समजूत घालून, रडून, रागावून होकार मिळवला. नाशिकच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी ऑपरेशन आणि रविवारी संध्याकाळच्या आत भरती व्हायचं असं ठरलं. डॉक्टर त्यानंतर बरेच दिवस बाहेरगावी जाणार होते. ही तारीख चुकली तर मामी पुन्हा तयार होणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

रविवारी सकाळी मोबाइलवर इशारा आला. सोसाट्याचा वारा, मुसळधार पाऊस.

"आपण जीपनं जाऊ या का?" सुमन म्हणाली.

"घरची कॅम्पर असताना? मामींना आडवं होता येईल. शिवाय मी सगळा अभ्यास केलाय." मी वही काढली. "नियम पहिला. वेग कमी ठेवावा."

एवढा एकच नियम मी सुरुवातीला पाळला, तोही जरा जास्तच. जव्हारहून मोखाडा ओलांडेपर्यंत दोन ट्रॅक्टर, एक बैलगाडी आणि डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आम्हाला मागे टाकून गेली. बाईनं तर वळून पाहिलंसुद्धा.

मामी अंगणात तयार बसल्या होत्या. सोबत तांदळाचं एक पोतं, नागलीचं एक पोतं आणि टोपलीत एक कोंबडी. सुमनची धाकटी बहीण नाशिकला असते, तिच्यासाठी.

मामींनी हातानं गाडी चाचपली. चाकापासून वर वर हात नेत गेल्या. हात संपला, गाडी संपली नाही.

"गुरुजी, गाडीवर खोली बांधली का काय?" (माझं लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण मामी मला अजून गुरुजीच म्हणतात.)

"कॅम्पर आहे, मामी."

"असंल. पोती खाली ठेवा, पलंगाच्या बुडाशी. आज वारं बरं नाय."

आता नियम सातवा स्वच्छ सांगत होता की जड सामान खाली ठेवावं. पण खाली पोती ठेवली तर मामींना पाय कुठे ठेवता येणार? मी दोन्ही पोती टपावर चढवली, वर निळा प्लास्टिकचा कागद टाकला आणि दोरीनं बांधला. आधीच उंच असलेल्या गाडीच्या डोक्यावर मी स्वतःच्या हातानं आणखी वजन ठेवलं. भूगोलाबरोबर थोडं विज्ञानही शिकवायला हवं होतं.

"वर ठेवली?" मामींनी आवाजावरून ओळखलं. "गुरुजी, डोक्यावर भारा घेऊन कुणी वाऱ्यात पळतं का?"

"आपण पळणार नाही, मामी. हळू जाणार आहोत."

पहिला तासभर बरा गेला. मग पाऊस आला, आणि टपावरचा निळा कागद फडफडायला लागला. आधी हळू. मग कुणीतरी वर बसून ढोल बडवतंय असा. मग कागदाची एक बाजू सुटली, आत वारा भरला आणि आमच्या डोक्यावर शीड उभं राहिलं!

रस्ता तिथे दोन दरडींच्या मधून जातो. दरडींच्या आडोशाला गाडी इतकी शांत चालली की मी सुमनला म्हणालो, "बघ, उगाच घाबरत होतीस." एवढं बोलून होतंय तोच दरड संपली, पुढे उघडा माळ लागला आणि वाऱ्यानं उजवीकडून अशी धडक दिली की गाडी सरळ डाव्या गटाराकडे निघाली. मी स्टिअरिंग उजवीकडे पिळलं. वारा क्षणभर थांबला. आता गाडी उजवीकडे, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला! मी कचकन ब्रेक दाबला. (नियम चौथा. वाऱ्याच्या झोतात कचकन ब्रेक दाबू नये.) मागची चाकं घसरली, कपाट उघडलं, पोह्यांचा डबा माझ्या मानेवर आला आणि कोंबडी टोपलीतून निघून सुमनच्या मांडीवर बसली.

"अहो!" सुमन ओरडली.

"गुरुजी, दोन्ही हातांनी धरा," मागून मामींचा शांत आवाज. "झटके देऊ नका. गाडी बुजलीय."

समोरून ट्रक आला असता तर हे सांगायला मी उरलो नसतो. रस्त्याकडेला एक मोठं आंब्याचं झाड दिसलं. मी गाडी त्याच्याखाली घेतली.

"कुठं उभं केलंत?" मामींनी विचारलं.

"झाडाच्या आडोशाला."

"काढा! आत्ता काढा! फांदी कडकडतेय, मला ऐकू येतंय!"

मी काढली. पन्नास पावलं पुढे गेलो नसू, मागे काड् असा आवाज झाला. आरशात पाहिलं. आंब्याची जाडजूड फांदी आमच्या जागेवर आडवी पडली होती. गाडीत सगळ्यांनी अंग चोरून घेतलं. कोंबडीनंसुद्धा.

माळावर एका मोकळ्या जागी मी गाडी रस्त्याला समांतर, अगदी नीटनेटकी उभी केली. म्हणजेच वाऱ्याला पूर्ण आडवी. गाडी पाळण्यासारखी हलायला लागली. टपावरचा कागद सोडवायला हवा म्हणून मी उतरायला दार उघडलं. दार मी उघडलं एवढंच. पुढचं सगळं मागून आलेल्या झोतानं केलं. दार माझ्या हातातून निसटलं, उलटं फिरून बॉनेटकडे गेलं आणि बिजागरी वाकवून तिथेच राहिलं.

आता पाऊस थेट आत, मामींच्या पलंगापर्यंत. मामी भिजत होत्या. उद्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि आज सर्दी-ताप आला तर डॉक्टर हातसुद्धा लावणार नाहीत. काहीतरी आडोसा हवा. आणि त्या गडबडीत मला सुचलं ते हे, की पडवी उघडू या!

"काय करताय?" सुमननं विचारलं.

"पडवी ओढतो. तिच्याखालून मामींना बाहेर घेऊ."

"अहो, या वाऱ्यात?"

मी पडवी ओढली. वीतभर बाहेर आली, मग हातभर, आणि मग गाडीखालून घुसलेल्या वाऱ्यानं ती माझ्याशिवायच ओढून घेतली. पाइप कडाडला, स्क्रू गोळ्यांसारखे सुटले, आणि पडवी आकाशात उभी राहिली. तिचा एक पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळलेला होता. वारा चालू लागला, मागोमाग पडवी चालू लागली आणि तिच्यामागे मी!

"सोडा ते! अहो, सोडा!"

"नवी आहे गं!"

भूगोलाचे शिक्षक भाताच्या एका खाचरातून दुसऱ्या खाचरात बांधावरून गेले. तिसऱ्या बांधावर पट्टा सुटला. मी चिखलात बसलो आणि माझी पडवी टेकाडापलीकडे निघून गेली. मला शेवटची दिसली तेव्हा ती उत्तम उडत होती.

परत आलो तेव्हा मामी गाडीच्या आडोशाच्या बाजूला उतरून उभ्या होत्या. डोळे मिटलेले, चेहरा वर. वारा गालावर घेत होत्या.

"सुमन, पलंगाखालची दोरी काढ. दार आधी ओढून आतनं बांध. गुरुजी, तुम्ही धड हाव ना?"

"आहे."

"मग गाडी फिरवा. वारं हितनं येतंय." त्यांनी हातानं नेमकी दिशा दाखवली. "तोंड तिकडं करा. वाऱ्याला तोंड द्यावं, कूस देऊ नये. आन पोती खाली घ्या."

मी गाडी फिरवली. ती हलायची निम्मी थांबली. पोती खाली आणून पलंगाच्या बुडाशी ठेवली. उरलेलं हलणंही थांबलं. तीस वर्षांत मामींनी मला इतकं एकदम कधी सांगितलं नव्हतं, आणि मी इतकं मुकाट कधी ऐकलं नव्हतं. सुमननं मामींचं डोकं पुसलं, कोरडं लुगडं दिलं, माझी घोंगडी गुंडाळली. मला तिनं पोह्यांच्या डब्याचं झाकण दिलं, चिखल खरवडायला.

दीड तासानं वारा पडला. टेकाडावरून एक शेतकरी येताना दिसला. त्याच्या खांद्यावर माझी पडवी होती.

"ही तुमची का? माझ्या खाचरात उतरली. भात आडवं झालं थोडं."

मी हात जोडले. त्याची माफी मागितली.

"असू द्या. तुम्हाला आता कामाची आहे का ही?"

मी वाकलेला पाइप बघितला. सुमननं माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो.

"मग कापलेलं भात रचलं की त्या उडवीवर टाकायला नेतो," असं म्हणून तो खूश होऊन गेला. माझ्या भारतभ्रमणाची पडवी अशी मोखाडा तालुक्यातच कामाला लागली.

पुढे ओढ्यावरच्या एका फरशीपुलावरून पाणी वाहत होतं. घड्याळात तीन वाजले होते, आणि मी म्हणालो, "घोट्याएवढंच असेल, जाऊ या." मामींनी फक्त विचारलं, "उतरून बघितलंत?" मी इंजिन बंद केलं. तासाभरात पाणी उतरलं, फरशी दिसू लागली आणि तिच्या मधोमध पडलेला हातभर खड्डाही दिसू लागला.

संध्याकाळी, भरतीची वेळ संपायच्या थोडं आधी, आम्ही दवाखान्यात पोचलो. नर्सनं मामींचा रक्तदाब घेतला. एकदम व्यवस्थित. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही आधी झोपा बरं त्या कॉटवर." शेजारच्या पेशंटनं मामींना विचारलं, "ह्यांचं कसलं ऑपरेशन?"

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मामींनी आधी सुमनला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "किती पिकलीस गं," म्हणाल्या, आणि दोघीही रडल्या. मीही खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मग माझ्याकडे वळून, "आन तुम्ही पण, गुरुजी."

खाली अंगणात माझी व्हॅन उभी होती. एक दार दोरीनं बांधलेलं, बाजूला स्क्रूची भोकं, टपावर निळ्या कागदाच्या चिंध्या. मामी तिच्यासमोर थांबल्या. चाकापासून टपापर्यंत सावकाश नजर नेली.

"हिच्यात बसून आले मी?"

"हो, मामी."

"सुमन," त्या म्हणाल्या, "एस.टी. कुठनं सुटते?"

त्या दोघी एस.टी.नं गेल्या. मी एकटाच कॅम्पर घेऊन निघालो. आकाश निरभ्र, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि तरीही अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली. मी रस्त्याकडेला उभा होतो, तेवढ्यात मागच्या चढावर त्यांची एस.टी. दिसली. मी दोन्ही हात हलवले. पुढच्याच खिडकीत मामी होत्या. काळा चष्मा वर करून त्यांनी माझ्याकडे स्पष्ट, अगदी नीट रोखून पाहिलं. एस.टी. न थांबता निघून गेली.

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी सुमनला विचारलं, "मामींना मी दिसलो नाही का?"

"दिसलात की! मला म्हणाली, शंभर पावलांवरून ओळखले," सुमन म्हणाली. "कंडक्टरनं विचारलं, तो हात करणारा माणूस तुमच्यापैकी आहे का. तर आई म्हणाली, नाय बाबा, आमच्यातला नाय तो. चालू दे गाडी."